मी या क्षेत्रात कशासाठी येते आहे?

वाचकाचे पत्र

ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते आणि सांगलीला मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. मी सातवीत असताना माझ्या धाकट्या काकांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मनाचा आजार, झाला. पहिली दोन वर्षे देवऋषी आणि अंगारे-धुपारे यांत गेली. नंतर मिरजेला उपचार सुरू झाले आणि काका बरेच सावरले. आता ते द्राक्षबागेत काम करतात आणि वडील त्यांना नियमितपणे डॉक्टरांकडे नेतात. हे सगळे जवळून पाहिल्यामुळे मला याच क्षेत्रात जायचे आहे. परंतु आमच्या एका शिक्षकांनी वर्गात सांगितले की, ज्यांच्या स्वतःच्या डोक्यात गुंता असतो तेच मानसशास्त्राकडे वळतात. वडील म्हणतात की वेड्यांत राहून तूही तशीच होशील, आणि मग स्थळे कुठून येतील? खरे सांगायचे तर हा आजार मलाही होईल अशी भीती माझ्या मनात आहे आणि त्या भीतीपोटीच मी हे शिकते आहे का, हे मला कळत नाही. माझे कारण चुकीचे आहे का? पुढे नेमके काय शिकावे?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या शिक्षकांच्या त्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांना त्याच वाक्याने धार आलेली दिसते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात येणाऱ्या अनेकांच्या मागे स्वतःचे किंवा घरातल्या कुणाचे तरी दुखणे असते, एवढा भाग खरा आहे. अमेरिकेतला क्लिफर्ड बिअर्स हा तरुण १९०० ते १९०३ या काळात निरनिराळ्या मनोरुग्णालयांत दाखल होता आणि तिथे त्याने फार हाल सोसले. बरा होऊन बाहेर पडल्यावर त्याने ते अनुभव जगापुढे मांडले आणि १९०९ मध्ये मनोरुग्णांच्या उपचारांत सुधारणा व्हावी यासाठी राष्ट्रीय पातळीवरची समिती उभी करण्यात पुढाकार घेतला. स्वतःला वारंवार इजा करून घेणाऱ्या रुग्णांसाठी आज जगभर वापरली जाणारी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ज्यांनी विकसित केली, त्या मार्शा लिनहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले की, तरुण वयात त्या स्वतः अशाच अवस्थेत रुग्णालयात दाखल होत्या. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर डॉ. जगन्नाथ वाणी यांचे घे. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या या माणसाच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता आणि त्या अनुभवातूनच त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली, जिथे रुग्णांच्या नातेवाइकांना एकमेकांशी बोलायला आणि आजार समजून घ्यायला जागा मिळाली.

म्हणजे तुझ्या शिक्षकांचे निरीक्षण काही अंशी बरोबर होते. त्यांनी त्यातून काढलेला अर्थ मात्र मला मान्य नाही. वेळेवर डॉक्टर न मिळाल्याने आजी गेली म्हणून मी डॉक्टर होणार, असे एखाद्या मुलाने दहावीच्या निकालानंतर सांगितले तर सारे गाव त्याचे कौतुक करते आणि तो मुलगा स्वतः आजारी असेल अशी शंका कुणाच्या मनात येत नाही. काकांचा मनाचा आजार पाहिलेली पुतणी तेच म्हणाली की मात्र तिच्याच डोक्यात काही बिघाड आहे का, असे विचारले जाते. हा फरक त्या आजाराला चिकटलेल्या लाजेमुळे पडतो आणि शिकलेली माणसेही त्यातून सुटलेली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिवाय लोक या क्षेत्रात येतात ते काही एकाच वाटेने येत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांचेच पाहा. एम.डी.चा प्रवेश गुणानुक्रमाने मिळत असल्यामुळे हवी ती शाखा हुकली आणि मनोविकारशास्त्र मिळाले असे सांगणारे डॉक्टर मला भेटले आहेत, आणि त्यांतले काही पुढे इतके मन लावून काम करू लागले की आता त्यांना दुसरी कोणतीही शाखा देऊ केली तरी ते जाणार नाहीत. मनोरुग्णांच्या कक्षात केवळ नेमणूक झाली म्हणून आलेल्या आणि नंतर बदली नको म्हणणाऱ्या परिचारिका आहेत. घरात आईवडिलांच्या भांडणात लहानपणापासून मधे उभी राहिलेली, दोघांचेही ऐकून घेण्याची सवय लागलेली मुले समुपदेशनाकडे वळतात. ऐकण्याचे हे काम त्यांना जमतेही चांगले, फक्त आपणही कुणाला काही सांगायचे असते हे ती विसरलेली असतात. काहींना माणसाचे मन हा विषयच विलक्षण वाटतो: जे आवाज बाहेर कुठेही नाहीत ते एखाद्याला इतके स्पष्ट कसे ऐकू येतात, या प्रश्नाने ते झपाटलेले असतात. अशा कुतूहलाला मी कधीच कमी लेखणार नाही, कारण दीर्घ आजारातल्या माणसाला दया दाखवणारे पुष्कळ भेटतात आणि खऱ्या उत्सुकतेने त्याचे म्हणणे समजून घेणारा क्वचित भेटतो.

आणखी काहीजण अन्यायाच्या चिडीतून येतात, आणि आपल्या भागात ही वाट जुनी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेली २८ माणसे पळता न आल्यामुळे मरण पावली. उपचाराच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे हे आपल्याकडेही घडत आले आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. त्यांनी अंधश्रद्धेविरुद्ध जेवढे काम केले, तेवढ्याच निष्ठेने व्यसनमुक्तीचेही केले आणि साताऱ्यात 'परिवर्तन' ही संस्था उभी केली. त्यांचे पुत्र डॉ. हमीद दाभोलकर मनोविकारतज्ज्ञ म्हणून तेच काम पुढे नेत आहेत. २०१३ मध्ये झालेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे आणि मारहाण करणे हा गुन्हा ठरवलेला आहे. तुमच्या घरची दोन वर्षे देवऋषीकडे गेली, असे तू लिहितेस. त्याबद्दल तुझ्या मनात राग असेल तर तो मला समजतो, पण तो आजीआजोबांवर किंवा वडिलांवर काढू नकोस. ज्या भाषेत त्यांना हे दुखणे समजावून सांगणारा माणूस तेव्हा भेटला, त्याच्याकडे ते गेले. तशी समजुतीची भाषा बोलणारी तू झालीस तर तुझ्या गावातली पुढची घरे एवढी वर्षे घालवणार नाहीत.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुझे कारण चुकीचे नाही, तरी ते अपुरे आहे आणि ते अपुरे का आहे हे नीट समजून घे. तू हे क्षेत्र निवडताना मनात ज्या रुग्णाला पाहते आहेस, ते तुझे काका आहेत: मुळात सौम्य, आजाराने हकनाक पकडलेले, औषधांनी सावरलेले आणि घरच्यांचे प्रेम असलेले. बाह्यरुग्ण विभागात पहिल्याच आठवड्यात तुझ्यासमोर दारूच्या नशेत बायकोला मारणारा, खोटे बोलणारा, तुलाच दोन शब्द सुनावणारा आणि बायकोने ओढून आणल्यामुळेच आलेला माणूस बसलेला असेल. त्यालाही झोप लागत नसेल, त्याचेही हात थरथरत असतील, त्याच्याही मनात मरणाचे विचार येत असतील. त्याच्या बायकोची सुरक्षितता डोळ्यांआड न करता त्याचेही पूर्ण ऐकून घ्यावे लागते. तुझे कारण काकांपाशीच थांबते, की त्या माणसापर्यंत पोहोचते, हे तू स्वतःला प्रामाणिकपणे विचार. आज उत्तर 'नाही' आले तरी घाबरू नकोस, कारण शिक्षणाची आणि प्रशिक्षणाची वर्षे त्याचसाठी असतात. उत्तर शोधलेच नाही तर मात्र पुढे फार जड जाते.

घरच्या आजारातून आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. काका सावरले, त्यामुळे प्रत्येकजण सावरेल अशी आशा तू नकळत धरशील. पण सुगीच्या दिवसांत गोळ्या बंद करून तिसऱ्यांदा परत येणारा रुग्ण असतो, नीट चाललेले उपचार सोडून त्याला पुन्हा मांत्रिकाकडे नेणारे घर असते, आणि कधी कधी सर्वांनी सारे काही नीट करूनही रुग्ण आत्महत्या करतो. दुसऱ्याला वाचवण्यासाठीच जो आला आहे, त्याला अशा वेळी रुग्णाचा राग येऊ लागतो किंवा तो स्वतःच खचतो. चांगली संस्था म्हणूनच शिकाऊ उमेदवाराला एकटे सोडत नाही. त्याने हाताळलेल्या प्रत्येक प्रकरणावर ज्येष्ठांबरोबर नियमित चर्चा होते आणि पुष्कळदा त्याने स्वतःही समुपदेशन घ्यावे असे सुचवले जाते. तू तर एम.ए.ला जाण्याआधीच हे करावेस. सातवीतल्या मुलीने घरात ते सगळे पाहिले तेव्हा तिला कुणी काही समजावून सांगितले होते का, तिच्या जेवणाकडे आणि अभ्यासाकडे कुणाचे लक्ष होते का, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. त्याबद्दल कुणाजवळ तरी सविस्तर बोल.

हे झाल्यावर तुझा अनुभव फार मोलाचा ठरेल. शेतातून काढलेली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावरच सांगलीच्या बाजारात सौद्याला येते. घरच्या दुखण्याच्या अनुभवाचेही तसेच आहे. मिरजेला यायचे तर एका माणसाचा रोजगार बुडतो, एसटीचे भाडे पडते आणि रांगेत ओळखीचे कुणी दिसले तर तोंड लपवावेसे वाटते, हे शहरात वाढलेल्या प्रशिक्षणार्थीला पुस्तकातून शिकावे लागते. तुला ते ठाऊक आहे. रुग्णाला सतत टोचून बोलले जाते त्या घरात आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत अभ्यासातून दाखवून दिले. नातेवाइकांना दोष न देता त्यांची बोलण्याची रीत बदलायला मदत करणे, हा आज स्किझोफ्रेनियाच्या उपचारांतला महत्त्वाचा भाग आहे. अशा घरातली माणसे तुझे ऐकतील, कारण त्यांचे दमणे तू आतून ओळखतेस. फक्त काकांची समुपदेशक होण्याचा मोह टाळ. त्यांच्या गोळ्यांबद्दल आणि लक्षणांबद्दल त्यांच्या डॉक्टरांनी बोलावे. तू त्यांच्याशी पुतणी म्हणूनच बोल, कारण घरात त्यांना दुसऱ्या तज्ज्ञाची गरज नाही.

भीतीबद्दल तू मोकळेपणाने लिहिलेस, हे बरे केलेस. स्किझोफ्रेनिया संगतीने किंवा रुग्णांमध्ये काम केल्याने होत नाही. वडिलांना हे स्पष्ट शब्दांत सांग. त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो, हेही खरे आहे. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता साधारण १०० त एक एवढी मानली जाते. आई, वडील किंवा सख्खे भावंड यांना तो असेल तर ती सुमारे १० पटींपर्यंत वाढते, आणि काका-पुतणीसारख्या नात्यात ती त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणजे तुला तो न होण्याचीच शक्यता फार मोठी आहे. काकांच्या पुढच्या भेटीच्या वेळी त्यांच्या डॉक्टरांना हे स्वतः विचार, म्हणजे घरची माहिती घेऊन ते तुला नेमके सांगतील. भीतीपोटी या विषयाकडे वळलेले विद्यार्थी प्रत्येक प्रकरण वाचताना त्यातली लक्षणे स्वतःत शोधत राहतात आणि त्यातच त्यांची उमेद खर्च होते. भीतीबद्दल एकदा स्वच्छ बोलून झाले की विषयातली गोडी किती आहे हे तुझे तुलाच दिसेल.

पुढच्या शिक्षणाचे सांगते. मनोविकारतज्ज्ञ व्हायला आधी एम.बी.बी.एस. आणि नंतर एम.डी. किंवा तत्सम पदवी लागते, आणि औषधे लिहून देण्याचे काम त्यांचेच असते. कला शाखेतून आता ती वाट तुझ्यासाठी नाही, आणि त्याची खंत बाळगण्याचे कारणही नाही. तुझ्यासाठी मुख्य वाटा दोन आहेत. पहिली मानसशास्त्रात एम.ए. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर औषधांशिवाय उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, होण्याची. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेव की, साधे एम.ए. झाले म्हणून स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आजवर हा अभ्यासक्रम प्रामुख्याने दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करण्याचे ठरवल्यामुळे त्याची जागा नवे अभ्यासक्रम घेत आहेत. म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी त्या संस्थेचे नाव परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, हे तपासून घे. शनिवार-रविवारच्या वर्गांतून काही महिन्यांत समुपदेशक बनवणाऱ्या जाहिराती आपल्याकडेही फार दिसू लागल्या आहेत; त्यांच्यापासून दूर राहा.

दुसरी वाट समाजकार्याची आहे आणि तुझे पत्र वाचताना मला तीच तुझ्या स्वभावाला अधिक जवळची वाटली. एम.एस.डब्ल्यू. ही समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करताना वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय घेता येतो. समाजकार्याची महाविद्यालये सातारा आणि कोल्हापूर दोन्हीकडे आहेत, त्यामुळे पुण्यामुंबईच्या खोलीभाड्याचा प्रश्न येत नाही. रुग्णाच्या घरी जाणे, घरच्यांशी बोलणे, त्याला पुन्हा कामाला लावणे, सरकारी योजनेचे आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे कागद मिळवून देणे, हे सगळे या माणसाचे काम असते. काका द्राक्षबागेत परत उभे राहिले, त्यात गोळ्यांइतकाच अशा प्रयत्नांचा वाटा असतो.

पगाराबद्दलही खरे सांगायला हवे. सुरुवातीची वर्षे तुटपुंज्या मानधनाची असतात, नेमणुका पुष्कळदा कंत्राटी असतात आणि तुझ्या वयाच्या अभियंता मुली तुझ्यापुढे गेलेल्या दिसतील. काम मात्र आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या आजारांनुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे आणि त्यात मनोविकारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका यांचा गट अपेक्षित असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही दूरध्वनीवरून समुपदेशन करणारी सरकारी सेवा मराठीसह अनेक भाषांत सुरू आहे आणि तिथेही प्रशिक्षित समुपदेशक लागतात. ऑगस्ट २०१९ चा महापूर तू पाहिला असशील. कृष्णाकाठच्या गावांत पाणी ओसरल्यानंतर कितीतरी दिवस माणसांना झोप लागत नव्हती, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसायला शिकलेली माणसे अपुरी पडत होती. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, नीट प्रशिक्षण आणि ज्येष्ठांची देखरेख मिळाली तर वैद्यकीय पदवी नसलेले स्थानिक समुपदेशकही सरकारी आरोग्य केंद्रांतल्या नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांना बरे व्हायला मोठी मदत करू शकतात.

वडिलांच्या विरोधाकडे चिडून पाहू नकोस. आजारी भावाला ते नियमितपणे मिरजेला नेतात, म्हणजे ज्या कामाला ते तुला जाऊ देत नाहीत तेच काम ते स्वतः इतकी वर्षे बिनबोभाट करत आले आहेत. स्थळांची काळजी त्यांना वाटते, कारण काकांच्या आजारामुळे घराला काय काय ऐकून घ्यावे लागले हे त्यांना तुझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर तूही जा आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्या समाजकार्यकर्तीशी किंवा मानसशास्त्रज्ञ बाईंशी त्यांची गाठ घालून दे. त्यांना घरसंसार सांभाळून हे काम करणारी माणसे समोर दिसली पाहिजेत. तुझ्या वादविवादाने त्यांचे मन वळणार नाही. आणि आजारी काका घरात असल्यामुळे जे स्थळ मागे फिरेल, ते तू बँकेत नोकरीला लागलीस तरी फिरणारच आहे, हेही एकदा त्यांच्याशी शांतपणे बोल.

शेवटचे म्हणजे प्रवेशाच्या मुलाखतीचे. या क्षेत्रात का यायचे आहे, हा प्रश्न तुला तिथे बहुतेक विचारला जाईलच. घरात दीर्घ मानसिक आजार जवळून पाहिला आहे, एवढे खरेपणाने सांग. लपवू नकोस आणि त्यावर भाषणही करू नकोस. त्यानंतर तू काय वाचलेस, कुठे जाऊन काय पाहिलेस, कोणत्या प्रकारच्या रुग्णांबरोबर काम करणे तुला अवघड जाईल असे वाटते, याकडे बोलणे ने. काकांच्या आजाराचा तपशील मात्र त्यांना न विचारता कुठेही सांगू नकोस. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराबद्दल गोपनीयतेचा हक्क आहे असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. तू त्यांची पुतणी असलीस तरी ही गोष्ट त्यांच्या मालकीची आहे. मुलाखतीच्या आधी एकदा त्यांच्याजवळ बस, आपल्याला काय शिकायचे आहे ते सांग आणि तुमच्याबद्दल मी तिथे एवढे एवढे बोलले तर चालेल का, असे त्यांनाच विचार. ते नको म्हणाले तर त्यांचा उल्लेखही न करता उत्तर देण्याची तयारी कर.